निवृत्त व्हायला तयार नसलेला अ‍ॅडमिरल

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी आमच्याकडे पेपरपुरतं होतं आणि त्यातही ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क मी दरवर्षी न चुकता घालवायचे. त्यामुळे मराठी विभागात लेख कमी पडतायत, तू काहीतरी दे, असं म्हणत माझी रूममेट (ती संपादक मंडळात आहे) मागे लागली तेव्हा तीन आठवडे मी सबमिशनचं कारण सांगत होते. मग सबमिशन संपलं आणि कारणही संपलं.

विषय मिळाला तो पॉवर प्लँटच्या लेक्चरला. मेसच्या जेवणानंतरचा तास, बाहेर ऊन, आत अर्धा वर्ग डुलक्या घेत होता. सर फळ्यावर अणुभट्टीची आकृती काढत होते. जाता जाता त्यांनी सांगितलं, की ही भट्टी प्रत्यक्षात आणणारा माणूस अमेरिकन नौदलातला इंजिनिअर होता आणि वयाच्या ८२ व्या वर्षापर्यंत तो नोकरीत होता. बाकीच्यांनी आकृती उतरवून घेतली. मी मात्र त्या ८२ वर अडकले.

त्याला कारण घरचं आहे. माझे बाबा वीज खात्यात आहेत, सबस्टेशनला. येत्या मे महिन्यात त्यांना ५८ पूर्ण होतील. गेलं वर्षभर आमच्या घरात रिटायरमेंट हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. आई यात्रा कंपन्यांची माहितीपत्रकं आणून टीव्हीशेजारी ठेवते, बाबा ती उचलून रद्दीत ठेवतात. रविवारीसुद्धा त्यांची एक चक्कर सबस्टेशनला असतेच. कशाला जाता, असं विचारलं की नवीन मुलांचं काही खरं नाही, एवढंच उत्तर मिळतं. म्हणून मी लायब्ररीत बसून या ८२ वर्षांच्या माणसाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. त्याचं नाव हायमन रिकोव्हर. अमेरिकेत तो अणुपाणबुडीचा जनक म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही, पण त्याने आणलेल्या पद्धतीची भट्टी आपल्या कुडनकुलमला चालते.

नौदलाच्या कागदांप्रमाणे त्याचा जन्म २७ जानेवारी १९०० चा. गाव माकूफ, आज पोलंडमध्ये, तेव्हा रशियन साम्राज्यात. घर ज्यू शिंप्याचं. तो लहान असतानाच कुटुंब अमेरिकेला आलं आणि शिकागोत राहिलं. शाळा सांभाळून हा मुलगा टेलिग्राम पोचवायचं काम करत असे. ज्यांच्याकडे टेलिग्राम न्यायचा त्यांत एक काँग्रेस सदस्य होते, अ‍ॅडॉल्फ सबाथ. त्यांच्या शिफारशीवर त्याला अ‍ॅनापोलिसच्या नेव्हल अ‍ॅकॅडमीत प्रवेश मिळाला. १९१८ मध्ये तो तिथे गेला आणि १९२२ मध्ये ५४० जणांत १०७ वा येऊन बाहेर पडला. टॉपर वगैरे नव्हेच, आपल्या भाषेत चांगला फर्स्ट क्लास.

पुढची पंचवीस वर्षं वाचताना हा माणूस मोठा होणार असं कुठेच वाटत नाही. कोलंबिया विद्यापीठातून त्याने इलेक्ट्रिकलमध्ये मास्टर्स केलं. तिथेच त्याला आंतरराष्ट्रीय कायद्याची अभ्यासक असलेली रूथ मास्टर्स भेटली आणि १९३१ मध्ये त्यांनी लग्न केलं. न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर तो इंजिनिअरिंग विभागात होता. नौदलात इंधन वाचवण्याची चढाओढ असे, म्हणून या गृहस्थाने जहाजावरचे दिवे आणि हीटिंग कमी करून टाकलं. लोक थंडीत कुडकुडले, पण बक्षीस जहाजालाच मिळालं. (आमच्या होस्टेलच्या पॅसेजमधल्या ट्यूबलाइट कोण काढतं ते मी इथे लिहीत नाही.) १९३७ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर फिंच नावाचं एक जुनं जहाज त्याच्या ताब्यात आलं, तेही काही महिनेच. मग त्याने स्वतःहून फक्त इंजिनिअरिंगची शाखा निवडली. त्या शाखेतल्या अधिकाऱ्याला जहाजाची कमांड मिळत नाही. ज्याच्या नावावर सगळ्या अणुपाणबुड्या सांगितल्या जातात त्याने आयुष्यात एकाही पाणबुडीची कमांड केली नाही!

दुसऱ्या महायुद्धात तो जहाजांच्या इलेक्ट्रिकल विभागाचा प्रमुख होता. १९४६ मध्ये नौदलाने काही अधिकाऱ्यांना ओक रिजला अणुऊर्जा शिकायला पाठवलं, त्यांत हा ४६ वर्षांचा कॅप्टनही होता. आपण सेकंड इयरला थर्मो शिकताना रडतो. हा माणूस त्या वयात न्यूक्लिअर फिजिक्स शिकायला बसला.

त्या वेळची पाणबुडी म्हणजे खरं तर अधूनमधून बुडी मारणारं जहाज. डिझेल इंजिनला हवा लागते, म्हणून पाण्याखाली बॅटरीवर चालायचं आणि बॅटरी उतरली की चार्जिंगसाठी वर यायचं. वर आलं की शत्रूला सापडायचं. अणुभट्टीला हवा लागत नाही. रिकोव्हरला हे पटलं आणि मग दुसरं काही सुचेना. १९४९ पर्यंत त्याने अशी जागा मिळवली, की तो नौदलाच्या अणुविभागाचाही प्रमुख आणि अणुऊर्जा आयोगातल्या नौदल शाखेचाही प्रमुख. एका टोपीखाली तो पत्र लिहायचा आणि दुसऱ्या टोपीखाली स्वतःच मंजुरी द्यायचा, असं गमतीने सांगतात. नौदलातला वरिष्ठ आडवा आला तर तो म्हणणार मी आयोगाचा माणूस. आयोगाने अडवलं तर मी नौदलाचा. पुढची तीस वर्षं त्याला कोणी हलवू का शकलं नाही, याची किल्ली मला तरी इथेच सापडली.

पण नुसत्या चलाखीवर भट्टी पेटत नाही. दाबाखालचं पाणी वापरायचं हे ठरलं तरी इंधनाला आवरण कशाचं द्यायचं? झिर्कोनियम चांगलं, कारण ते न्यूट्रॉन फारसे खात नाही. पण तेव्हा ते जगात हवं तेवढं मिळतच नव्हतं. रिकोव्हरने त्याचं उत्पादन उभं करायला लावलं. पहिली चाचणीची भट्टी आयडाहोच्या वाळवंटात, समुद्रापासून शेकडो मैल दूर, पाणबुडीच्या सांगाड्यात बांधली गेली. जून १९५३ मध्ये ती पूर्ण ताकदीने चालवली. थोडा वेळ चालवून बंद करायची, असं ठरलं होतं. रिकोव्हरने बंद करू दिली नाही. अटलांटिक ओलांडायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ चालवा, असा हुकूम सोडला. मग भिंतीवर नकाशा लागला आणि वाळवंटातली ती पाणबुडी कुठवर पोचली याच्या खुणा होऊ लागल्या. मधे बिघाड होत होते, हाताखालचे लोक थांबवा म्हणत होते. सुमारे चार दिवसांनी ती कागदावर आयर्लंडला पोचली. हे वाचताना मला प्रोजेक्टची मोटर पहिल्यांदा फिरली ती रात्र आठवली. आम्ही तर पाच मिनिटांतच स्विच बंद केला होता, जळेल म्हणून.

आता गंमत पाहा. याच दिवसांत नौदल त्याला घरी पाठवायच्या बेतात होतं. कॅप्टनच्या पुढच्या बढतीसाठी १९५१ आणि १९५२ अशी दोन वर्षं त्याला डावललं. दोनदा डावललेल्या कॅप्टनने तीस वर्षं सेवा झाली की निवृत्त व्हायचं, असा नियम होता. म्हणजे १९५३ मध्ये, ५३ व्या वर्षी, पहिली पाणबुडी पाण्यात उतरायच्या आधीच त्याचा निरोप समारंभ ठरलेला होता. वरिष्ठांना तो नकोसाच झाला होता. तोंडाने फटकळ, गणवेश घालायचा कंटाळा, साहेबाला साहेब म्हणायचं नाही. पण काँग्रेसमधल्या सदस्यांना तो हवा होता. त्यांनी चौकशी लावायची तयारी केली, नौदलाने माघार घेतली आणि जुलै १९५३ मध्ये रिकोव्हर रिअर अ‍ॅडमिरल झाला.

माझ्या मते त्याच्या पुढच्या हट्टाचं मूळ या घटनेत आहे. एकदा नियमाने तुमचं काम अर्ध्यावर तोडायचा प्रयत्न केला आणि काळाने तुम्हालाच बरोबर ठरवलं, की मग निवृत्तीचा प्रत्येक नियम म्हणजे शत्रूचा डाव वाटायला लागत असेल. आणि काळाने त्याला बरोबर ठरवलंच. १७ जानेवारी १९५५ ला नॉटिलस पाणबुडी अणुशक्तीवर निघाली, १९५८ मध्ये बर्फाखालून उत्तर ध्रुवावर जाऊन आली. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियात शिपिंगपोर्टला त्याच्याच देखरेखीखाली अमेरिकेचं पहिलं मोठं अणुवीज केंद्र सुरू झालं, ६० मेगावॅटचं. याच शिपिंगपोर्टमध्ये १९७७ पासून थोरियमचं इंधनही वापरून पाहिलं गेलं. आपल्या देशाचा थोरियमचा साठा पाहता हे आपल्या सिलॅबसमध्ये का नाही, हा प्रश्न मी सरांना विचारणार आहे. ओरल झाल्यावर.

त्याच्या हाताखाली काम मिळवणं म्हणजे आपल्या कॅम्पस इंटरव्ह्यूचा आजोबा. अणुपाणबुडीवर जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत तो स्वतः घ्यायचा. असे हजारो झाले. खुर्चीचे पुढचे पाय थोडे कापलेले असत, म्हणजे उमेदवार बसल्या बसल्या पुढे घसरत राही. उत्तर आवडलं नाही की त्याला झाडू-बादलीच्या खोलीत विचार करत उभं करायचं. १९५२ च्या सुमारास एक तरुण लेफ्टनंट मुलाखतीला आला. अ‍ॅकॅडमीतला आपला चांगला नंबर त्याने अभिमानाने सांगितला. रिकोव्हरने विचारलं की तू तुझा पूर्ण जोर लावला होतास का? त्याने थोडा विचार करून प्रामाणिकपणे नाही म्हटलं. मग का नाही लावलास, एवढं विचारून रिकोव्हरने खुर्ची फिरवली आणि पाठ केली. तो लेफ्टनंट म्हणजे जिमी कार्टर, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. १९७५ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं तेव्हा या प्रश्नावरूनच पुस्तकाचं नाव ठेवलं.

ऑफिसची तऱ्हाही अशीच. खात्यात कोणीही काहीही टाइप केलं, अगदी कच्चा मसुदासुद्धा, तर त्याची एक कार्बन प्रत गुलाबी कागदावर निघायची आणि थेट रिकोव्हरच्या टेबलावर जायची. तो त्या रोज वाचायचा आणि मसुद्यावर सही व्हायच्या आधीच फोन करून झापायचा. अमुक भट्टीतला अमुक व्हॉल्व्ह का गळतोय, हे त्याला त्या भट्टीच्या साहेबाआधी कळलेलं असे. प्रत्येक नवी अणुपाणबुडी पहिल्या चाचणीला निघाली की हा तिच्यावर हजर.

एप्रिल १९६३ मध्ये थ्रेशर ही पाणबुडी चाचणीच्या बुडीत १२९ माणसांसह नष्ट झाली. समुद्राच्या पाण्याच्या पाइपचा जोड फुटला असावा आणि त्या गडबडीत भट्टी बंद पडली असावी, असा निष्कर्ष निघाला. पाइप रिकोव्हरच्या खात्याकडे नव्हते. तरी त्यानंतर बंद पडलेली भट्टी परत लवकर सुरू करण्याची पद्धत बदलली गेली. ढिलाई झाली की माणसं मरतात, हे त्याचं आधीपासूनचं म्हणणं होतं. आता त्याला १२९ नावांचा आधार मिळाला. अशा माणसाला तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार, की साहेब, आता दुसऱ्याला बघू द्या?

आणि कोणी सांगितलंही नाही. १९६४ मध्ये तो ६४ वर्षांचा झाला आणि नियमाप्रमाणे त्याचं नाव निवृत्तांच्या यादीत गेलं. खुर्ची मात्र तीच राहिली. निवृत्त अधिकाऱ्याला पुन्हा कामावर बोलावण्याची तरतूद होती, ती वापरून दर दोन वर्षांनी मुदतवाढ. म्हणजे कागदावर निवृत्त झालेला माणूस पुढे अठरा वर्षं तेच खातं चालवत होता! १९७३ मध्ये तर त्याला पूर्ण अ‍ॅडमिरल केलं. मोठ्या जागेवरची माणसं निवृत्त का होत नाहीत, याचं उत्तर आपण त्या माणसात शोधतो, पण मुदतवाढीच्या कागदावर सही दुसऱ्याच कोणाची तरी असते. जॉन्सन, निक्सन, फोर्ड, कार्टर, सगळ्यांच्या कारकिर्दीत ती झाली. त्याला काढून काँग्रेसशी भांडण घेण्यापेक्षा आणखी दोन वर्षं देणं सोपं होतं. आणि काँग्रेसमधले मित्र त्याने मोठ्या कष्टाने जपले होते. नव्या पाणबुडीवरून, भर समुद्रातून, तो त्यांना पत्रं पाठवायचा.

१९७२ मध्ये रूथ गेली. दोन वर्षांनी त्याने नौदलातल्या एका नर्सशी, एलिओनोरशी, लग्न केलं. पण कामाचा वेग तोच. सत्तरच्या दशकात जहाज बांधणाऱ्या कंपन्यांनी सरकारकडे वाढीव खर्चाची प्रचंड बिलं लावली, तेव्हा ती फसवणूक आहे म्हणून तो एकटा ओरडत राहिला. यात तो बऱ्याच अंशी बरोबर होता असं मला वाटतं. म्हणूनच पुढचा भाग लिहिताना वाईट वाटतं.

जुलै १९८१. ला होया नावाच्या नव्या पाणबुडीची चाचणी. पाणबुडी पूर्ण वेगात पुढे जाताना एकदम पूर्ण उलटी चालवायची, अशी ही परीक्षा. ८१ वर्षांचा रिकोव्हर स्वतः हुकूम देत होता. थांबवायचा हुकूम वेळेवर आला नाही, पाणबुडीवरचा ताबा सुटला आणि ती खाली जाऊ लागली. शेवटी ती सावरली. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्याची सेकंदाची चूक सोडली नाही, त्याच्या हातून हे घडलं. आणि त्या खोलीत त्याने स्वतः निवडलेले, स्वतः घडवलेले अधिकारी उभे होते. हजारो माणसांना त्याने जबाबदारी शिकवली होती. वेळ आली तेव्हा ती त्यांच्यावर सोपवणं मात्र त्याला जमलं नाही.

नौदल सचिव जॉन लेहमन त्याला काढायचं आधीपासूनच म्हणत होते, त्यांना आता कारण मिळालं. या वेळी मुदतवाढ झाली नाही. जानेवारी १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला सन्मानाने निरोप द्यावा म्हणून व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. लेहमनही तिथे होते. रिकोव्हरने राष्ट्राध्यक्षांसमोरच लेहमनना खोटारडा ठरवलं, आरडाओरडा केला. रेगन शांतपणे ऐकत राहिले. त्याच महिन्याच्या शेवटी काँग्रेसच्या समितीपुढे बोलताना या माणसाने सांगितलं, की अणुशक्तीवरची जहाजं ही नाइलाजाची गोष्ट आहे, शक्य असतं तर मी ती सगळी बुडवली असती. ज्या कामासाठी खुर्ची सोडली नाही त्या कामाबद्दल त्याने असं म्हणावं! हे मी दोनदा वाचलं. मला ते खोटं वाटत नाही. खुर्ची सुटल्यावरच असं बोलता येत असेल कदाचित.

३१ जानेवारी १९८२ ला तो निवृत्त झाला. ६३ वर्षांहून जास्त सेवा, विल्सनपासून रेगनपर्यंत १३ राष्ट्राध्यक्ष. पुढे आणखी एक धक्का. १९८५ मध्ये उघड झालं, की जनरल डायनॅमिक्स या पाणबुड्या बांधणाऱ्या कंपनीकडून त्याने १६ वर्षांत ६७ हजार डॉलरहून जास्त किमतीच्या भेटी घेतल्या होत्या. ज्या कंपनीशी तो बिलांवरून भांडला, तीच ही. लेहमननी त्याला लेखी ठपका दिला. भेटींमुळे आपला एकही निर्णय बदलला नाही, असं रिकोव्हरचं म्हणणं होतं, आणि कंपनीशी झालेली त्याची भांडणं पाहता ते खरंही असेल. पण तीस वर्षं कोणी हिशेब विचारणारा नसला की काय घ्यायचं आणि काय नाही, हे आपलं आपणच ठरवायची सवय लागते. ८ जुलै १९८६ ला तो वारला. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

तो निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ फेब्रुवारी १९८२ ला, रेगन यांनी एका हुकुमावर सही केली होती. त्यात रिकोव्हरच्या खात्याची सगळी रचना, ते दोन टोप्यांचे अधिकारसुद्धा, जशीच्या तशी ठेवली. फक्त प्रमुखाची मुदत आठ वर्षं ठरवली. त्या जागी आलेला अ‍ॅडमिरल किनेर्ड मॅकी हा रिकोव्हरच्याच तालमीतला. त्यानंतर प्रमुख बदलत गेले आणि खातं व्यवस्थित चालू राहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा जेवताना बाबांना ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी मधे काही विचारलं नाही. ला होयाचा भाग आला तेव्हा आईने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी आमटी वाढून घेतली. नऊच्या सुमारास सबस्टेशनचा फोन आला. कुठला तरी फीडर ट्रिप झाला होता. फोन घेऊन ते गॅलरीत गेले, नेहमी पाच मिनिटं बोलतात, या वेळी बराच वेळ नुसतंच ऐकत होते. मग दोन वाक्यं बोलून आत आले, हात धुतले आणि मला म्हणाले, तो गुलाबी कागदांचा भाग परत एकदा सांग.